शिट्टी न ऐकणारा हाफबॅक

हिंगोलीत फुटबॉलचा सामना शिट्टीवर चालत नसे. पंचाच्या हातात लाल रुमाल असे. तो वर गेला की खेळ थांबे, खाली आला की सुरू होई. बाहेरगावच्या संघांना हे विचित्र वाटे, पण कारण साधं होतं. मैदान एसटीच्या आगाराला लागून होतं. भिंतीपलीकडे दिवसभर गाड्या मागे घेतल्या जात, आणि मागे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या पाठीशी उभा राहून कंडक्टर शिट्टी वाजवी. परभणीची गाडी फलाटाला लागली की शिट्टी, रिसोडची निघाली की शिट्टी. फार पूर्वी एका पंचाने शिट्टी वापरून पाहिली होती म्हणतात. सामना सारखा थांबू लागला. एकदा तर गोल होत असताना कळमनुरीची गाडी वळली, आणि तो गोल धरायचा की नाही यावर दोन मोहल्ले आठवडाभर बोलत नव्हते. तेव्हापासून रुमाल आला.

रुमाल ज्यांच्या हाती असे ते पत्र्याच्या पेट्या बनवत. लग्नात मुलीला द्यायच्या आणि वसतिगृहात जाणाऱ्या पोरांच्या पेट्या त्यांच्याकडून जात. गाव त्यांना चाचा म्हणे. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, आवाज मोठा. तरुणपणी ते परभणी जिल्ह्याच्या संघात डाव्या बाजूला खेळले होते. दुपारी चारच्या सुमारास हातोडा ठेवायचा, तोंड धुवायचं आणि मैदानावर यायचं, हा त्यांचा नेम मी हिंगोलीत होतो तितकी वर्षं चुकलेला पाहिला नाही.

त्यांचा एकच कडक नियम होता. रुमाल वर गेलेला असताना जो खेळत राहील तो त्या दिवसापुरता बाहेर. "चाचा, दिसला न्हाई," हे कारण चालत नसे.

"दिसला नहीं? मग डोळे काय मोहरमला दाखवायला ठेवलेत?"

त्यामुळे तिथल्या पोरांना एक सवय लागली होती. चेंडू पायाशी असो वा नसो, ती दर क्षणाला मान वर करून इकडेतिकडे बघत. शिट्टीकडे मात्र कुणाचं लक्ष नसे. झाडावरचे कावळे जसे ऐकू येऊनही ऐकू येत नाहीत, तसं कंडक्टरच्या शिट्टीचं झालं होतं.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं मी नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा हिंगोलीचा बातमीदार होतो. बाजारभाव, अपघात, पंचायत समितीच्या बैठका, औंढ्याची यात्रा हे रोजचं काम. फुटबॉल हा त्यातला फार छोटा भाग होता. निजामाच्या काळात गावात फौजेची छावणी होती, आणि हा खेळ शिपायांनी मागे ठेवला असं जुनी माणसं सांगत. खेळणारी पोरं बहुतेक मुसलमान मोहल्ल्यांतली आणि बौद्ध वस्त्यांतली. जमीन काळी, त्यामुळे पावसाळ्यात मैदानावर पाय रुतत. दिवाळीनंतर माती वाळून कडक झाली की खेळ सुरू व्हायचा आणि उन्हं तापेपर्यंत चालायचा. लग्न झालं की पोरगा खेळणं सोडायचा. हा खेळ आयुष्यात इतकाच पुरायचा असतो, याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

दशक अर्धं सरलं तेव्हा देशात फुटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली. तोपर्यंत आपल्याकडे मोठे चषक होते, जुने आणि मानाचे. पण चषकात एक सामना हरला की संघ पेट्या बांधून घरी जातो. लीगमध्ये तसं नव्हतं. कोलकात्याचा संघ गोव्याला जाणार, गोव्याचा पंजाबात, पंजाबचा केरळात, आणि पुन्हा उलट. प्रत्येकाने प्रत्येकाच्या दारी जायचं. आज हरलात तर पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचं, आणि हंगाम संपल्यावर ज्याचे गुण जास्त तो पहिला. वर्ष-दोन वर्षांत तिच्याखाली दुसरा विभाग आला. तळाला राहिलेले खाली जाऊ लागले आणि खालचे वर येऊ लागले. तारखा बदलत, काही मैदानांवर माणसं कमी आणि कुत्री जास्त असत, एखादा संघ मधेच बंद होई. हे सगळं मी तेव्हाही वाचत होतो. तरीही एवढ्या मोठ्या देशात, इतक्या लांबच्या गावांना एका वेळापत्रकात बांधणं ही मला त्या काळातली एक मोठी आणि नीट बांधलेली गोष्ट वाटली. आजही वाटते.

लीगचे निकाल नांदेडच्या कार्यालयात वृत्तसंस्थेच्या यंत्रावर येत. बातमी देण्यासाठी मी फोन केला की उपसंपादकाला निकाल विचारून ठेवी, कारण संध्याकाळी चाचा वाट बघत असत.

"पेपरवाले, कलकत्तेवाल्यांचं काय झालं?"

"बरोबरी."

"किसके साथ? गोव्याबरोबर? मग चांगलं झालं."

आगारासमोरच्या हॉटेलात टीव्ही होता. एखादा सामना दाखवला जाई तेव्हा हॉटेलवाला चहा बराच गाळत असे, कारण उठायला कुणी तयार नसे. तिथेच एकदा मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका हमालाने चाचांना विचारलं होतं, "हे जे पळून राहिलेत, ह्यायला पगार असतो म्हणं?"

"असतो."

"महिन्याच्या महिन्याला?"

"महिन्याच्या महिन्याला."

"अन् सामना नसला त्या महिन्यात?"

"तरी असतो."

हमाल बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तर लईच हळू पळून राहिलेत."

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मुलगा त्याच टेबलाशी बसला होता. एकवीस वर्षांचा, रंगाने सावळा, उंच, बोलायला कमी. गावच्या संघाचा तो हाफबॅक होता. म्हणजे मधल्या फळीत खेळणारा. समोरच्याचा हल्ला तिथेच मोडायचा आणि चेंडू पुढच्यांना द्यायचा, हे त्याचं काम. चाचांच्या मते हिंगोलीने दिलेला तो सगळ्यात चांगला हाफबॅक होता. चाचा स्तुती क्वचित करत, त्यामुळे हे मत गावात माहीत होतं. त्याचे वडील मोंढ्यात हळदीची पोती वाहत. हळदीच्या दिवसांत ते घरी येत तेव्हा भुवयांपासून धोतरापर्यंत पिवळे असत, आणि वस्तीतली पोरं त्यांना नवरदेव म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

दशक संपता संपता हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. कार्यालयं आली, पाट्या बदलल्या. फुटबॉलसाठी यातून एक उपयोग झाला. आधी जिल्ह्याचा संघ परभणीत निवडला जाई आणि हिंगोलीची पोरं बहुतेक राखीव म्हणून जात. आता हिंगोलीला स्वतःचा जिल्हा संघ मिळाला. त्या संघात खेळलेल्या मुलाला बाहेरच्या निवड चाचणीला जाता येत होतं. पुढच्या हिवाळ्यानंतर पुण्यात एका संघाची चाचणी निघाली. तो संघ लीगच्या दुसऱ्या विभागात होता आणि त्याला तरुण खेळाडू हवे होते. चाचांनी ही जाहिरात माझ्याच टेबलावरच्या पेपरात वाचली आणि ते पान मला न विचारता फाडून नेलं.

घरी अडचण होती. मुलाच्या बहिणीचा नवरा कळमनुरीकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होता. त्याच शाळेत शिपायाची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. दाजीने संस्थाचालकांकडे शब्द टाकला होता, आणि त्यांना लवकर उत्तर हवं होतं. हमालाच्या घरात अशी जागा दोनदा येत नाही. मुलाला खेळाडू व्हायचं होतं. खेळून पोट भरणारा खेळाडू. हे दोन्ही एका वेळी होणार नव्हतं. मी त्या घरी गेलो ते चाचांच्या आग्रहामुळे. चाचा दाराशी उभे राहिले, वडील ओट्यावर बसले होते.

"एकदा जाऊन येऊ द्या त्याला," चाचा म्हणाले.

"जाऊ द्या म्हणता. अन् तिकडं शाळेवाल्यायनं दुसरं पोरगं घेतलं मंग?"

"तीन दिवसांची गोष्ट आहे."

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. "एकदा जाय. न्हाई झालं तर शाळंत लागायचं. मंग बॉलचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. बराबर हाय का?"

"बराबर हाय."

"घेतलं तर?"

"घेतलं तर तिकडंच राहीन."

वडील ओट्यावरून उठले. मग आत बघून म्हणाले, "याच्या डब्याचं बघा." त्यांची परवानगी ती होती.

मला त्याच आठवड्यात पुण्याला जायचं होतं, म्हणून आम्ही तिघे एकाच गाडीने गेलो. सकाळी उतरलो. चाचांनी मुलासाठी कुणाकडून तरी बूट आणले होते. ते एक नंबर मोठे होते, पुढे कापूस घातला होता. मैदान हिरवं होतं. मुलाने आधी वाकून गवताला हात लावून पाहिला, मग त्यावर चालून पाहिलं.

चाचणीला बरीच मुलं आली होती. पाठीवर कापडी आकडे बांधून त्यांचे संघ पाडले गेले. संघाचा प्रशिक्षक कोल्हापूरचा होता. जाड मिशा, डोक्यावर टोपी, हातात काही नाही. तो मैदानाकडेच्या बाकावर बसून बघत होता. पंचगिरी त्याचा मदतनीस करत होता, गळ्यात शिट्टी अडकवून.

पहिला अर्धा तास ठीक गेला. मग समोरचा एक गडी ऑफसाइड सापडला. शिट्टी वाजली, सगळे थांबले. हिंगोलीचा हाफबॅक थांबला नाही. त्याने त्या गड्याच्या पायातून चेंडू काढला, उभ्या असलेल्या दोघांना वळसा घालून पुढे गेला आणि पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या आपल्या फॉरवर्डला सुंदर पास दिला. चेंडू फॉरवर्डच्या गुडघ्याला लागून बाहेर गेला. मैदानावर हशा पिकला. मदतनीसाने हाताने खूण करून त्याला समजावलं.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, पण या वेळी हसण्यासारखं नव्हतं. फाउलची शिट्टी वाजून दुसऱ्या बाजूचा मुलगा निवांत उभा होता, आणि ह्याने घसरत जाऊन त्याच्या पायातला चेंडू काढला. तो मुलगा पडला. उठून त्याने ह्याची गळपट्टी धरली. मदतनीसाने ह्याला बाहेर काढलं.

बाकाशी मान खाली घालून तो उभा राहिला. प्रशिक्षकाने त्याला खालून वर पाहिलं.

"काय रं, ऐकू येतंय न्हवं तुला?"

"येतं ना, सर."

"मग शिट्टी वाजल्यावर कशाला पळतुयास?"

मुलाने खरोखर आश्चर्याने विचारलं, "शिट्टी वाजली व्हती?"

बाकावरची मुलं पुन्हा हसली. प्रशिक्षक हसला नाही. तो मुलाकडे बघत राहिला. मुलगा थट्टा करत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं असावं. तेवढ्यात चाचा पुढे झाले. "साब, इसकी गलती नहीं. हमारे गाँव में सीटी पे कोई नहीं रुकता."

"मग कशावर थांबताय?"

चाचांनी खिशातून रुमाल काढून वर धरला. प्रशिक्षकाने रुमालाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आगार, भिंत आणि कंडक्टर यांची हकीकत थोडक्यात सांगितली.

"आयला," तो म्हणाला, "म्हंजे ह्याला कंडक्टरांनी बिघडवलाय."

"असंच म्हणा," चाचा म्हणाले.

"पण चाचा, लीगमधला रेफरी ह्याच्यासाठी रुमाल घेऊन यायचा न्हाई. तिथं सगळं शिट्टीवर. एक चुकलं की पिवळं कार्ड, दुसरं चुकलं की बाहेर, आणि मग आमी धा जणात खेळायचं." मग मुलाला म्हणाला, "उद्या नुसतं पळणं आन् चेंडूचं काम हाय. परवा पुन्हा सामना. तोवर कान उघडून ये. न्हाई उघडलं तर मी काय करू शकत न्हाई, बाळा."

तो कठोर बोलला नव्हता. नियम काय आहे तेवढंच त्याने सांगितलं. मला ते आवडलं. गावात सगळं माणसं बघून चालतं, आणि त्याचे फायदे असतात. पण ही लीग ज्यांना कुणी ओळखत नाही अशा मुलांसाठीही होती, ती अशाच नियमांमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम संपलं. दुपारी चाचांनी मुलाला आणि चेंडूला घेऊन थेट एसटीचं स्टँड गाठलं. मी काम आटोपून तिथे पोहोचलो तेव्हा ते दोघे स्टँडच्या मागच्या बाजूला होते, जिथे गाड्या मागे घेतात तिथे. भिंतीच्या कडेने मुलगा चेंडू पायात खेळवत चालला होता. शिट्टी वाजली की चेंडूवर पाय ठेवून थांबायचं, एवढाच धडा होता. तो थांबत नव्हता. शिट्टी वाजे, तो पुढे जाई, चाचा ओरडत, तो परत येई.

वाहतूक नियंत्रक बाहेर आला. "काय चाललंय हे?"

"सराव," चाचा म्हणाले.

"स्टँडवर? मैदानं संपली का पुण्यातली?"

"साहेब, रोग स्टँडवरचा आहे. दवा पण स्टँडवरच मिळेल."

नियंत्रकाला काय कळलं कोण जाणे, पण गाडीच्या वाटेत येऊ नका एवढं सांगून तो आत गेला. कंडक्टरांना मात्र विषय कळला. दोन गाड्यांमधल्या वेळात ते येऊन उभे राहू लागले. एकाने गाडी नसताना शिट्टी वाजवली. मुलगा पुढे गेला. दुसऱ्याने त्याच्या कानापाशी वाजवली. तो दचकला, पण पाय चेंडूवर गेला. सगळ्यांनी वाहवा केली.

"थांबला बघ, थांबला."

"घाबरून थांबला तो. लांबून वाजव."

पेरू विकणारी एक बाई टोपलीमागे बसून हे बघत होती. ती चाचांना म्हणाली, "अहो, लेकरू दमलं की ते. किती छळाल?"

"बस, बाई, थोडं राहिलं. बारामतीची गाडी जाऊ द्या."

बारामतीची गेली, सोलापूरची गेली. कुठल्या गाडीपासून ते मी सांगू शकत नाही, पण हळूहळू त्याचा पाय शिट्टीबरोबर चेंडूवर जाऊ लागला. मग तर तो चहा पितानाही शिट्टी वाजली की कप थांबवू लागला. कंडक्टरांनी त्याच्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता. ह्याच्याकडून काय होतंय याची आता बाकीच्या मुलांनाही उत्सुकता होती. पहिली शिट्टी वाजली आणि तो थांबला. कुणीतरी टाळी वाजवली. दुसरीला थांबला. चाचा पहिल्यांदाच खाली बसले.

मग शेजारच्या मैदानावर शाळेच्या मुलांचा खेळ सुरू झाला, आणि तिथली शिट्टी वाजली. हिंगोलीच्या हाफबॅकने मैदानाच्या ऐन मध्यावर चेंडूवर पाय ठेवला आणि तो ताठ उभा राहिला. समोरच्या फॉरवर्डने क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहिलं, चेंडू त्याच्या पायाखालून अलगद काढला आणि गोलकडे निघाला.

चाचांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मी बाकाकडे पाहिलं. प्रशिक्षकाने टोपी डोळ्यांवर ओढली होती आणि त्याचे खांदे हलत होते.

पण मैदानावरचं संपलं नव्हतं. मुलाला चूक कळली आणि तो वळला. तो त्या फॉरवर्डच्या मागे सरळ पळाला नाही. धावता धावता त्याने मान वर करून उजवीकडे पाहिलं. तिथे दुसरा गडी मोकळा उभा होता. ह्याने फॉरवर्डला सोडलं आणि त्या मोकळ्या गड्याकडे जाणारी वाट धरली. गोलकीपर पुढे आल्यावर फॉरवर्डने पास दिला, तो नेमका ह्याच्या पायात. तिथून एका टप्प्यात चेंडू पलीकडच्या कडेला, आपल्या विंगकडे. विंगवरचा मुलगा तिथे आहे हे त्याने कधी पाहिलं होतं, ते मला कळलं नाही. प्रशिक्षकाने टोपी मागे सारली होती. तो आता हसत नव्हता. उरलेला सामना त्याने उभ्यानेच पाहिला.

दुपारी त्याने थोडी नावं वाचली. ह्याचं नाव शेवटून दुसरं होतं. नाव घेतल्यावर मुलगा जागचा हलला नाही. चाचांनी त्याला पाठीत ढकललं.

"काय रं, आता आपलं नावबी ऐकू येईना?" प्रशिक्षक म्हणाला.

"आलं, सर."

चाचांनी विचारलं, "साब, वो दूसरे ग्राउंड की सीटी..."

"कानाचं मी बघतो, चाचा. दोन म्हैन्यात होतंय ते. मान वर ठेवून खेळणारा हाफबॅक मला रोज गावत न्हाई. हितं समदी पोरं चेंडूकडं बघून खेळत्यात, चेंडू काय पळून चाललाय काय." मग मुलाला म्हणाला, "जूनपास्नं यायचं. सकाळ संध्याकाळ सराव. राहायला खोली हाय, तिघांत एक. खाणं चांगलं हाय, भात जास्त. जमंल?"

"सामना नसला त्या दिवशी काय करायचं, सर?"

"सराव."

"रोज?"

"रोज. का, कट्टाळा येईल?"

मुलगा म्हणाला, "न्हाई. इच्यारून ठेवलं." परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. नगर मागे पडल्यावर त्याने चाचांना एवढंच विचारलं की भात जास्त म्हणजे भाकरी मिळत नसेल का.

हिंगोलीत उतरल्यावर आम्ही तसेच मोंढ्यात गेलो. वडील पोत्यांच्या थप्पीवर होते, नखशिखांत पिवळे. मुलगा खाली उभा राहिला. निवड झाल्याचं चाचांनी सांगितलं. वडील थप्पीवरून उतरले, पंच्याने तोंड पुसलं.

"हरले तरी पगार देतेत का?"

"देतात," चाचा म्हणाले.

"अन् पाय मोडला तर?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की संघाचा डॉक्टर असतो, हे मी प्रशिक्षकाला विचारून आलो आहे. वडिलांनी मान हलवली. मग ते मुलाला म्हणाले, "दाजीला तूच सांग. मी सांगतलं तर माझ्यावर चिडंल." आणि पुढचं पोतं घ्यायला वळले. बाजूच्या हमालांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी चालता चालता सांगितलं, "पोरगं पुण्याला चाललं. खेळायला."

दाजी चिडला. आश्रमशाळेची जागा दुसऱ्या कुणाला गेली, आणि त्या घरात काही महिने जावई जेवायला थांबत नव्हता.

पहिल्या हंगामात मुलगा बराच काळ बाकावर बसला. मग एका लांबच्या गावी कुणाला तरी दुखापत झाली आणि तो उतरला. सामना बरोबरीत सुटला. वृत्तसंस्थेची बातमी एका ओळीची होती आणि तिच्यात त्याचं नाव नव्हतं. मी फोनवर खात्री करून ते तिच्यात घातलं. त्यानंतर मी नांदेडला विनंती केली की दुसऱ्या विभागाच्या त्या गटाचा गुणतक्ता हिंगोलीच्या पानावर छापावा.

"तुझ्याकडं कोण वाचणार तो?" वृत्तसंपादकाने विचारलं.

"मोंढा."

त्याने छापला. दर सोमवारी नांदेडहून वारंगा फाट्यावरून येणारा गठ्ठा सुटला की पहिला अंक मोंढ्यात जाई. तिथे वाचता येणारा एक हमाल होता. बाकीचे पोती टाकून भोवती जमत.

"आपला कितवा?"

"चवथा."

"कितीत?"

"सहात."

"म्हंजी खाली दोघं हायेत ना अजून. मंग काय काळजी."

एखाद्या सोमवारी संघ खाली घसरला की वडिलांना पोरगा झोपला का तिकडं म्हणून टोमणे बसत. ते पुढचं पोतं उचलत. दुसऱ्या कुणी त्या संघाला नावं ठेवली तर मात्र हेच हमाल त्याच्यावर तुटून पडत. कोलकाता, गोवा, केरळ ही नावं त्या आवारात आता हळदीच्या भावाइतकी सहज घेतली जात होती. राष्ट्रीय लीग उभी करणाऱ्यांनी हिंगोलीचा मोंढा डोळ्यांसमोर ठेवला असेल असं नाही. पण ती तिथपर्यंत पोहोचली होती.

पुढच्या दशकात लीगचं नाव बदललं, रूप बदललं, पैसा वाढला. तो संघ वर कधी गेला नाही, खालीही गेला नाही. हिंगोलीचा हाफबॅक त्यात सात हंगाम टिकला, शेवटचे काही तर कर्णधार म्हणून. मी त्याचे दोनच सामने पाहू शकलो. दोन्ही वेळा तो मान वर करून खेळत होता.

पण माझ्या लक्षात राहिलं आहे ते दुसऱ्या वर्षीचं उन्हाळ्यातलं बोलणं. मी हळदीची आवक विचारायला मोंढ्यात गेलो होतो. दाजी तिथे आला होता. राग निवळला होता. त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, जवळा बाजारकडे, पुन्हा एक शिपायाची जागा निघणार होती. त्याने सासऱ्याला बाजूला घेतलं, पण बोलणं मला ऐकू येत होतं.

"मामा, ह्या टायमाला पोराला बोलावून घ्या. खेळ झाला वर्षभर. आता नोकरीला लागू द्या."

वडिलांनी पंचा झटकला. हळद उडाली, जावई जरा मागे सरला.

"तुमच्या भावाला लावा ना त्या जागेवर," ते म्हणाले. "ते पोरगं मोकळं न्हाई आता. त्याला नोकरी हाय."